बायकोसाठी नेलेलं आईस्क्रीम वितळलं, अन् जगभरच्या होड्यांना इंजिन मिळालं

2019 चा ऑगस्ट महिना आठवा. कृष्णा आणि पंचगंगेनं सांगली-कोल्हापूरला वेढा घातला होता. टीव्हीवर दिवसरात्र एकच दृश्य दिसत होतं. गल्लीगल्लीतून फिरणाऱ्या एनडीआरएफच्या रबरी बोटी, त्यात बसलेली म्हातारी माणसं, कडेवरची पोरं, आणि बोटीच्या मागच्या बाजूला उभं राहून एका दांड्यानं इंजिन वळवणारा जवान.

ते मागं लटकवलेलं इंजिन म्हणजे आउटबोर्ड मोटर. जवानांच्या भाषेत ओबीएम.

हे इंजिन होडीच्या पोटात नसतं. मागच्या फळीला बाहेरून दोन स्क्रूंनी आवळलेलं असतं. नको असेल तेव्हा काढा, खांद्यावर टाका, घरी न्या. पाणी उथळ झालं की वर उचला. सुकाणू वेगळं लागत नाही, कारण अख्खं इंजिनच वळतं.

कोकणातल्या खाडीत छोटी फायबरची होडी घेऊन जाणारा मच्छीमार असो, केरळच्या किनाऱ्यावर लाटा फोडून आत जाणारी वल्लम असो, नाहीतर नॉर्वेच्या खाडीतली कॉड पकडणारी नाव असो, सगळीकडं हीच सोय. आणि ही सोय घरोघरी पोहोचवण्याचं श्रेय जातं ते नॉर्वेत जन्मलेल्या, अमेरिकेत वाढलेल्या आणि शाळेत फारसा न रमलेल्या एका माणसाला.

त्याचं नाव ओले एव्हिनरूड.

त्याच्या गोष्टीत प्रेम आहे, आईस्क्रीम आहे आणि स्वतःचंच नाव विकून टाकल्यामुळं झालेली पंचाईतसुद्धा आहे.

तर ओलेचा जन्म 19 एप्रिल 1877 चा. नॉर्वेतल्या वारदाल भागात, आजच्या योविक शहराजवळ. घर शेतकऱ्याचं. त्या काळात नॉर्वेतून अमेरिकेला जाणाऱ्यांची रीघ लागली होती. जमीन थोडी, खाणारी तोंडं जास्त, आणि अटलांटिकच्या पलीकडं स्वस्तात जमीन मिळते अशी बातमी. ओले पाच वर्षांचा असताना, 1882 साली, हे कुटुंब अमेरिकेला पोहोचलं आणि विस्कॉन्सिन राज्यात केंब्रिज गावाजवळ, रिप्ली नावाच्या तलावापाशी स्थिरावलं.

आडनावाचीही एक गंमत आहे. आपल्याकडं गावाच्या नावाला 'कर' लावलं की आडनाव तयार होतं. नॉर्वेत शेताचं नाव आडनाव म्हणून लावायची पद्धत होती. एव्हिनरूड हे मूळचं मायदेशातल्या एका शेताचं नाव. पुढं ते लाखो इंजिनांवर छापलं जाणार होतं, हे तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नसणार.

घरचे लोक सांगत, की बोटीच्या प्रवासात हा पोरगा सारखा गायब व्हायचा आणि शोधायला गेलं की इंजिनरूममध्ये सापडायचा. प्रत्येक संशोधकाच्या लहानपणाची अशी एक गोष्ट असतेच. ती खरी धरा किंवा धरू नका, पण पुढचा भाग बघितला तर पटते.

बापाला वाटायचं पोरानं शेती करावी. पोराचं लक्ष अवजारात. शाळा लवकर सुटली, शेतावर राबणं सुरू झालं. समोर तलाव, त्यामुळं होड्यांचं वेड लागलं. सोळाव्या वर्षाच्या सुमारास त्यानं स्वतःच्या हातानं शिडाची होडी बांधायला घेतली. बापाला हा पोरखेळ वाटला आणि सांगतात, की पहिल्या होडीचं लाकूड त्यानं चुलीत घातलं. ओलेनं लपूनछपून दुसरी बांधली. ती पाण्यात उतरली, चालली, आणि तलावावर फिरायला येणारे लोक पैसे देऊन तिच्यात बसायला लागले.

तेव्हा बापाच्या लक्षात आलं, हा गडी नांगराचा नाही. त्यानं पोराला सोडलं.

ओले मॅडिसन शहरात गेला. शेतीची यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात कामाला लागला. तिथून पिट्सबर्ग, शिकागो, मिलवॉकी असा कारखान्या-कारखान्यांतून फिरला. दिवसा काम, रात्री इंजिनीअरिंगची पुस्तकं. कॉलेजचं तोंड न बघता तो पॅटर्नमेकर झाला. हे काम काय असतं ते कोल्हापूर-शिरोलीच्या फाउंड्रीवाल्यांना विचारा. लोखंडाचा भाग ओतायचा असेल तर आधी त्याची लाकडात हुबेहूब प्रत करावी लागते. वितळलेला धातू थंड झाल्यावर आक्रसतो, त्याचा हिशोब आधीच लाकडात धरावा लागतो. चुकलं तर पूर्ण माल भंगारात. लाकूड आणि लोखंड या दोन्हींची नस ज्याला कळते तोच यात टिकतो.

शतक बदललं तेव्हा गाडीच्या इंजिनाचं वारं सुटलं होतं. मिलवॉकीत तर जास्तच. याच शहरात हार्ले आणि डेव्हिडसन नावाची दोन पोरं सायकलला इंजिन बसवायच्या खटपटीत होती, आणि त्यांच्या सुरुवातीच्या इंजिनाच्या कामात ओलेनं त्यांना मदत केली होती असं सांगितलं जातं. ओलेनंही भागीदारीत कंपनी काढली. 1900 सालची क्लार्क अँड एव्हिनरूड. ऑर्डरप्रमाणं इंजिनं आणि सुटे भाग बनवून द्यायचं काम. नंतर गाड्यांच्या इंजिनांचे एकदोन उद्योग करून बघितले. हात चांगला, डोकं चांगलं, पण हिशोबात गडी कच्चा. धंदे उभे राहायचे आणि बसायचे.

इथं गोष्टीत बेस येते.

बेस एमिली केरी. शेजारीच राहणारी, व्यवसायाचं शिक्षण घेणारी मुलगी. पत्रव्यवहार, टायपिंग, हिशोब या कामात तिनं ओलेला मदत करायला सुरुवात केली आणि ओलेच्या कारभाराला पहिल्यांदा शिस्त लागली. 1906 साली दोघांनी लग्न केलं. पुढच्या वर्षी मुलगा झाला, राल्फ.

आणि याच काळातला तो आईस्क्रीमचा किस्सा. लग्नाआधीचा की नंतरचा, यावर सांगणाऱ्यांचं एकमत नाही.

उन्हाळ्याचा रविवार. मित्रमंडळी मिलवॉकीजवळच्या ओकाउची तलावातल्या बेटावर सहलीला गेलेली. ऊन मी म्हणत होतं. बेसला आईस्क्रीम खावंसं वाटलं. दुकान पलीकडच्या काठावर, साधारण चार किलोमीटरवर. ओले उठला, वल्ही घेतली आणि निघाला. जाताना ठीक होतं. येताना वारा आडवा आला. होडी काही केल्या पुढं सरकेना. हातांना फोड आले आणि बेटावर पोहोचेपर्यंत आईस्क्रीमचं पाणी झालं.

त्या चार किलोमीटरमध्ये त्याच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. गाडीला इंजिन लागतं, सायकलला लागतं, मग वल्हवायच्या होडीला का नाही?

आता तुम्ही म्हणाल, होड्यांना इंजिनं तेव्हा नव्हती का? होती ना. पण ती इनबोर्ड होती. आणि हा फरक नीट समजून घेतल्याशिवाय ओलेनं काय केलं ते कळणार नाही.

इनबोर्ड म्हणजे इंजिन होडीच्या पोटात. त्याला बसवायला आत भक्कम लाकडी बैठक लागते. इंजिनातून एक लांब दांडा मागं जातो, तळाला पाडलेल्या भोकातून बाहेर पडतो आणि त्याच्या टोकाला पंखा असतो. भोकातून पाणी आत येऊ नये म्हणून दांड्याभोवती ग्रीस लावलेली दोरी ठासून भरतात. ती झिजली की पाणी ठिबकायला लागतं. पंख्याच्या मागं वेगळं सुकाणू. पंख्यात जाळं अडकलं किंवा दांडा वाकला की होडी किनाऱ्यावर ओढून काढावी लागते. आणि मासे ठेवायची हक्काची मधली जागा इंजिन खाऊन टाकतं.

मोठ्या बोटीला हे परवडतं. चार-पाच मीटरच्या होडीला नाही. म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला परिस्थिती अशी होती, की मोठ्या बोटींना इंजिन आणि छोट्या होड्यांना माणसाचे दंड.

हे बदलावं असं वाटणारा ओले पहिला नव्हता, हेही सांगायला हवं. फ्रान्समध्ये ग्युस्ताव्ह ट्रूव्हेनं 1881 सालीच होडीच्या मागं लावायची विजेवरची मोटर करून दाखवली होती. अमेरिकेत डेट्रॉईटच्या कॅमेरॉन वॉटरमननं 1905 च्या सुमारास मोटरसायकलचं इंजिन होडीच्या मागं टांगून बघितलं, पेटंट मिळवलं आणि अशी इंजिनं बाजारात विकायलाही काढली. आउटबोर्ड हा शब्द रुळवला तोही त्यानंच असं मानतात. इंटरनेटवर ओलेचा उल्लेख आउटबोर्डचा जनक म्हणून होतो तो काटेकोरपणे बघितलं तर चुकीचा आहे. त्याचं मोठेपण वेगळ्या ठिकाणी आहे. त्यानं हे यंत्र सामान्य माणसाच्या भरवशाचं केलं.

1907 पर्यंत पहिला नमुना तयार झाला. बेसनं तो बघून कॉफी दळायच्या यंत्राशी तुलना केली, असं म्हणतात. दिसायला तो खरंच तसा होता. नमुना कोपऱ्यात पडला, ओले आजारी पडला, संसार वाढला. शेवटी 1909 साली त्यानं तो बाहेर काढला, भाड्यानं एक होडी घेतली आणि मिलवॉकीतल्या किनिकिनिक नदीवर उतरवला. इंजिन धूर ओकत, कानठळ्या बसवत चाललं. पण चाललं.

त्याची रचना इतकी सरळ होती, की आजचं आउटबोर्ड इंजिन उघडलं तरी सांगाडा तोच दिसतो. वर आडवं सिलिंडर, त्याच्या वर चाक. चाकाला लाकडी मूठ, ती धरून फिरवायची की इंजिन सुरू. क्रँकशाफ्ट आडवा न ठेवता उभा ठेवलेला, म्हणजे ताकद सरळ खाली जाते. पाण्याखाली दोन तिरक्या दात्यांची गिअर, ती फिरणं काटकोनात वळवतात आणि पंखा फिरतो. थंड करायला आजूबाजूचं पाणीच. ते कधी संपत नाही, त्यामुळं रेडिएटरची भानगड नाही.

ओलेनं सुधारलेलं इंजिन एका मित्राला रविवारपुरतं वापरायला दिलं. मित्र परत आला तो दहा जणांच्या ऑर्डरी आणि रोख पैसे घेऊनच.

धंदा सुरू झाला. दीड हॉर्सपॉवरचं इंजिन, वजन 62 पौंड म्हणजे साधारण 28 किलो, किंमत 62 डॉलर. पौंडाला एक डॉलर, हिशोब सोपा! 1911 साली पेटंटही मिळालं.

पण माल बनवणं एक आणि विकणं दुसरं. विकायचं काम बेसनं अंगावर घेतलं. वल्ही फेकून द्या आणि एव्हिनरूड घ्या, अशा आशयाची जाहिरात तिनं लिहिली. आज मार्केटिंगच्या वर्गात शिकवतात तसा प्रकार. तिनं यंत्राचे गुण सांगितले नाहीत, हात दुखणाऱ्या माणसाच्या दुखण्यावर बोट ठेवलं. पत्रांचा ढीग पडायला लागला. दिवसा घर आणि तान्हं मूल, रात्री पत्रांना उत्तरं. कंपनीवर नाव ओलेचं होतं, पण ती उभी राहिली दोघांच्या जिवावर. पैसा कमी पडला तेव्हा ख्रिस मेयर नावाचा, टगबोटींचा धंदा असलेला भागीदार आला आणि पाच हजार डॉलर ओतून अर्ध्याचा मालक झाला.

अमेरिकेत हे इंजिन हौशी लोक घेत होते. रविवारी गळ टाकून बसणारे. पोटासाठी मासे मारणाऱ्यांपर्यंत ते पोहोचलं एका कारकुनामुळं.

न्यूयॉर्कच्या एका निर्यात कंपनीत ओलुफ मिकेलसन नावाचा डॅनिश वंशाचा तरुण कामाला होता. त्याच्या हातात बेसची जाहिरात पडली. डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडनचा किनारा त्याच्या डोळ्यासमोर आला. हजारो मच्छीमार, छोट्या होड्या, थंडगार पाणी आणि दिवसाचे तासन् तास वल्हवणं. त्यानं नमुने मागवून तिकडं पाठवले. स्कँडिनेव्हियातून ऑर्डरी आल्या त्या हजारांत. म्हणजे ज्या किनाऱ्यांवरची माणसं पोट भरायला अमेरिकेला गेली होती, त्याच किनाऱ्यांवर त्यांच्यातल्याच एकाचं इंजिन जाऊन पोहोचलं.

मच्छीमारासाठी याचा अर्थ काय होता? मासेमारीत निम्मा दिवस जातो तो जाण्यायेण्यात. वल्हवणारे हात मोकळे झाले की तेच हात जाळ्याला लागतात. वारा पडला म्हणून ताटकळणं नाही. आणि मासा ताजा असतानाच बाजारात पोहोचतो, म्हणजे भाव चांगला. दीड हॉर्सपॉवर आज हसण्यासारखी वाटेल. पण चार माणसांच्या दंडांत दिवसभर टिकेल अशी ताकद मिळून अर्धा हॉर्सपॉवरही भरत नाही.

कारखाना वाढला, शेकडो कामगार आले. आणि इथंच गोष्टीला वळण लागलं.

बेसची तब्येत ढासळली. रात्रंदिवसच्या कामानं ती पिचून गेली होती. ओलेपुढं दोन रस्ते होते. ऐन भरात आलेली कंपनी, नाहीतर बायको. 1914 च्या सुमारास त्यानं आपला अर्धा हिस्सा मेयरला सुमारे 1 लाख 40 हजार डॉलरला विकून टाकला. करारात अट होती, पाच वर्षं या धंद्यात पाय ठेवायचा नाही. एव्हिनरूड हे नाव कंपनीसोबत गेलं.

तो 37 वर्षांचा होता. बेस आणि राल्फला घेऊन त्यानं अमेरिका पालथी घातली. आधी मोटारीनं, मग स्वतः बांधून घेतलेल्या बोटीनं. बोटीचं नाव बेस एमिली. धंद्याच्या पुस्तकात अशा निर्णयाला चूक म्हणतील. पण बेसची तब्येत सुधारली, आणि ओलेच्या लेखी तो सौदा फायद्याचाच असणार.

अर्थात इंजिनवाल्या माणसाचे हात गप्प बसतात थोडेच. फिरता फिरता तो विचार करत होता तो वजनाचा. 28 किलोचं इंजिन उचलून होडीला लावायचं म्हणजे दोन माणसं लागतात. लोखंड आणि पितळेऐवजी अ‍ॅल्युमिनियम वापरलं तर? एकाऐवजी समोरासमोर दोन सिलिंडर ठेवली तर? एकाचा हादरा दुसरं खाऊन टाकेल.

त्यातून तयार झालं तीन हॉर्सपॉवरचं इंजिन. ताकद दुप्पट आणि वजन फक्त 48 पौंड, म्हणजे 22 किलोच्या आत.

अटीची पाच वर्षं संपली होती. तरी ओले आधी गेला तो जुना भागीदार मेयरकडंच. हे इंजिन तूच बनव म्हणून सांगायला. मेयरनं नकार दिला. जुनं इंजिन जोरात खपत होतं, मग बदलायचं कशाला, असा त्याचा हिशोब.

ओले आणि बेसनं 1921 साली नवी कंपनी काढली. पण नाव काय द्यायचं? स्वतःचं आडनाव तर विकलेलं. मग 'एव्हिनरूडचं हलकं, दोन सिलिंडरचं आउटबोर्ड' या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं जुळवून नाव तयार झालं, एल्टो. आडनाव सरळ लावता येईना म्हणून ते आद्याक्षरात लपवून आणलं. बाजारात एका बाजूला एव्हिनरूड नावाची कंपनी, जिच्यात एव्हिनरूड नाही. दुसऱ्या बाजूला खरा एव्हिनरूड, ज्याच्या इंजिनावर ते नाव नाही. आणि दोघं एकमेकांचे स्पर्धक!

एल्टो चालली आणि मेयरच्या कंपनीला झळ बसली. पण ओलेलाही मैदान मोकळं मिळालं नाही. त्याच सुमारास इंडियाना राज्यातल्या जॉन्सन भावांनी 35 पौंडांचं, म्हणजे 16 किलोचं इंजिन बाजारात आणलं. मग 1926 मध्ये त्यांनी सहा हॉर्सपॉवरचं असं इंजिन काढलं, की होडी पाणी कापत जाण्याऐवजी पाण्यावर तरंगत पळायला लागली. लोकांना वेगाची चटक लागली. ओलेनं 1928 मध्ये चार सिलिंडरचं, 18 हॉर्सपॉवरचं इंजिन आणून उत्तर दिलं. दीडवरून अठरा, अवघ्या वीस वर्षांत.

1929 साली चक्र पूर्ण फिरलं. ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन या इंजिन कंपनीतले स्टीफन ब्रिग्ज यांच्याकडं तोवर जुनी एव्हिनरूड कंपनी आली होती. त्यांनी एव्हिनरूड, एल्टो आणि लॉकवूड अशा तीन कंपन्या एकत्र केल्या आणि अध्यक्षपदी बसवलं ओलेला. पंधरा वर्षांनी नाव मालकाकडं परत आलं.

टायमिंग मात्र वाईट. काही महिन्यांतच वॉल स्ट्रीट कोसळलं. महामंदीत हौसेच्या वस्तू कोण घेणार? लॉकवूडचं नाव बंद करावं लागलं, उत्पादन आखडलं. ओलेनं कंपनी तगवून धरली. पण घरातला आधार सुटत चालला होता. मे 1933 मध्ये बेस गेली. चौदा महिन्यांनी, 12 जुलै 1934 रोजी ओलेही गेला. वय 57.

कंपनी राल्फच्या हातात आली. ज्या जॉन्सन भावांच्या कंपनीनं बापाला घाम फोडला होता, ती मंदीत बुडाली होती. 1936 साली राल्फच्या कंपनीनं तीही विकत घेतली. पुढं आउटबोर्ड मरीन कॉर्पोरेशन या नावानं ती अनेक वर्षं जगातल्या सगळ्यात मोठ्या आउटबोर्ड कंपन्यांपैकी एक राहिली.

आता भारताकडं येऊ, कारण इथं एक मजेशीर उलटापालट आहे.

1953 पासून नॉर्वेच्या मदतीनं केरळमध्ये कोल्लमजवळ नींदकरा इथं मासेमारीच्या यांत्रिकीकरणाचा मोठा प्रकल्प सुरू झाला. नॉर्वेवाल्यांनी आणल्या त्या इनबोर्ड डिझेल इंजिनाच्या बोटी. पारंपरिक वल्लम चालवणाऱ्या गरीब मच्छीमारापर्यंत यंत्र पोहोचलं ते फार उशिरा, 1980 च्या आगेमागे, जपानी आउटबोर्ड इंजिनांच्या रूपानं. त्यांना बोट बदलायची गरज नव्हती. आहे त्याच होडीला इंजिन लटकवलं की झालं. केरळच्या उघड्या किनाऱ्यावर होडी रोज वाळूवर ओढावी लागते, तिथं तळाखाली पंखा आणि दांडा असलेली इनबोर्ड बोट चालूच शकत नाही. पेट्रोलवर सुरू करून रॉकेलवर चालवायची ही इंजिनं तिथं इतकी रुळली, की रॉकेलचा कोटा आणि भाव हा तिथल्या राजकारणाचा विषय झाला. 2018 च्या महापुरात हेच मच्छीमार ट्रकवर होड्या घालून आतल्या गावांत गेले आणि हजारोंना बाहेर काढलं.

मग सगळ्याच जुन्या बोटींचं पोटातलं इंजिन काढून मागं आउटबोर्ड का लावत नाहीत? छोट्या बोटींच्या बाबतीत जगभर हे होतंच. जुनं डिझेल इंजिन गंजलं, दुरुस्तीचा खर्च बोटीच्या किमतीवर गेला, की मालक आउटबोर्डचा विचार करतो. मधली जागा मोकळी होते, तळातलं गळकं भोक कायमचं बुजतं, आणि इंजिन बिघडलं तर ते उतरवून थेट मेकॅनिककडं नेता येतं.

पण हा खेळ दिसतो तितका सोपा नाही. इनबोर्ड बोटीचं बांधकामच मुळात मध्यावर वजन धरून केलेलं असतं. ते वजन काढून सगळं मागच्या टोकाला टांगलं, की बोट मागून बसते आणि नाक वर करते. मग इंधनाची टाकी, बर्फ, नांगर पुढं सरकवून तोल साधावा लागतो. मागची फळी इंजिनाचा रेटा सोसायला बनलेली नसते, तिला आतून आधार द्यावा लागतो. मागची बाजू टोकदार असेल तर फळीच नसते, तिथं लोखंडी ब्रॅकेट लागतो. फळीची उंची आणि इंजिनाच्या पायाची लांबी जुळली नाही तर पंखा हवा खातो, नाहीतर पाय पाण्यात घासत राहतो. साधारण 15 इंच आणि 20 इंच ही मापं ठरलेली असतात, तरी मोजल्याशिवाय इंजिन घ्यायचं नाही. डिझेलच्या जागी पेट्रोल येतं म्हणजे वाफ साठून भडका उडण्याची भीती येते, टाकीला हवा खेळती हवी.

आणि एक गैरसमज. मोठं इंजिन लावलं की जुनी बोट सुसाट पळेल, असं नाही. खोल तळाची जड बोट पाणी बाजूला सारत चालते. तिचा एक ठरलेला वेग असतो. त्यापुढं हॉर्सपॉवर वाढवली तर वाढतं ते फक्त पेट्रोलचं बिल. म्हणूनच दिवसच्या दिवस जाळी ओढणाऱ्या, आपल्या बंदरांतल्या सहा सिलिंडरच्या बोटी आजही डिझेलच्या इनबोर्डवरच आहेत. ओलेचं इंजिन त्यांच्यासाठी नव्हतंच. ते होतं वल्ह्यावर जगणाऱ्यांसाठी.

राहता राहिली त्याच्या कंपनीची गोष्ट. राल्फ 1986 साली गेला. डिसेंबर 2000 मध्ये आउटबोर्ड मरीन कॉर्पोरेशननं दिवाळं काढलं आणि एव्हिनरूड हे नाव पुन्हा एकदा विकलं गेलं, या वेळी कॅनडाच्या बॉम्बार्डियरला. तिच्यातून वेगळ्या झालेल्या बीआरपी कंपनीनं विस्कॉन्सिनच्याच स्टर्टेव्हंट गावात ही इंजिनं बनवणं चालू ठेवलं. मे 2020 मध्ये, कोरोनाच्या काळात, तिनं एव्हिनरूड कायमची बंद करत असल्याचं जाहीर केलं. जगभरातल्या सुमारे साडेसहाशे लोकांचं काम गेलं. बीआरपीनं आपल्या बोटींसाठी मर्क्युरी या कंपनीची आउटबोर्ड इंजिनं घ्यायचा करार केला. मर्क्युरीचा कारखाना आहे फोन दु लाक शहरात. मिलवॉकीपासून साधारण 100 किलोमीटरवर.